अंडरमाउंट चॅनेलचा खण शेवटच्या बोटभर जागेत अडतो तेव्हा

घरी बनवलेल्या किंवा ओळखीच्या सुताराकडून करून घेतलेल्या कपाटांना अंडरमाउंट चॅनेल बसवण्याची पद्धत आता सर्रास झाली आहे. हे चॅनेल, म्हणजे खण ज्यावर पुढे-मागे सरकतो ती पत्र्याची पट्टी, खणाच्या बाजूंना न दिसता तळाखाली लपते, आणि त्याच्याबरोबर एक तक्रारही ठरलेली असते. खण हलक्या हाताने आत जातो आणि शेवटच्या बोटभर जागेत अडून राहतो. हा बिघाड मी स्वतःच्या, नातलगांच्या आणि शेजाऱ्यांच्या घरी मिळून इतक्यांदा दुरुस्त केला आहे, की त्याची कारणे कोणत्या क्रमाने शोधावीत याचा एक क्रम आपोआप बसून गेला आहे. तोच येथे देतो. बहुतेक घरांत चॅनेल निर्दोष असते. चूक मापात असते, आणि मापातली ती चूक बहुधा एका सुताहून, म्हणजे साधारण तीन मिलीमीटरहून, लहान असते.

लक्षणे आधी नीट टिपावीत

खण अडतो एवढे म्हणून भागत नाही. तो नेमका कोठे आणि कसा अडतो हे पाहावे लागते. खण बंद होण्यास चार-पाच सेंटीमीटर बाकी असताना एखाद्या कठीण वस्तूला लागल्यासारखा थांबत असेल, तर दोष बहुधा सॉफ्ट क्लोजच्या, म्हणजे खण शेवटी हळूच ओढून बंद करणाऱ्या रचनेच्या, अडकवणाऱ्या आकड्यात असतो. तो पाच ते दहा मिलीमीटर बाहेर राहत असेल, किंवा पूर्ण आत जाऊन किंचित परत येत असेल, तर मागे काही तरी आडवे येत आहे किंवा बाजूंना घर्षण होत आहे असे समजावे. एक बाजू आधी बंद होऊन दुसरी मागाहून येत असेल आणि दर्शनी फळी तिरकी दिसत असेल, तर दोन चॅनेल एका रेषेत नाहीत किंवा खण चॅनेलला धरणारी एका बाजूची क्लिप लागलेली नाही.

याखेरीज तीन लक्षणे ध्यानात ठेवावीत. खण धाडकन बंद होतो आणि सॉफ्ट क्लोज लागतच नाही, हे पहिले. पूर्ण बाहेर ओढल्यावर खणाचा मागचा भाग वर उचलला जातो आणि पुढचा भाग खाली झुकतो, हे दुसरे. पावसाळ्यात जड चालणारा खण दिवाळीच्या सुमारास पुन्हा मोकळा होतो, हे तिसरे. या तिसऱ्या लक्षणाचे कारण लाकडात असते, म्हणून त्याचा विचार शेवटी स्वतंत्रपणे केला आहे.

खण रिकामा करून मागे पाहणे

सर्वांत स्वस्त तपासणी हीच, आणि ती सोडून लोक थेट स्क्रू फिरवायला लागतात. खण पूर्ण रिकामा करावा आणि बंद करून पाहावा. रिकामा खण नीट बंद होत असेल तर प्रश्न वजनाचा आहे. घरगुती वापराच्या बऱ्याच अंडरमाउंट चॅनेलची क्षमता जोडीमागे सुमारे ३० किलो असते आणि ती खणाच्या स्वतःच्या वजनासह धरावी. सहाशे मिलीमीटर रुंदीचा, प्लायचा, दर्शनी फळीसह पूर्ण झालेला खण स्वतःच सात-आठ किलोचा भरतो. त्यात गव्हातांदळाचे पाच-पाच किलोचे पाच डबे ठेवले की मर्यादा ओलांडली जाते, आणि मग दोष चॅनेलला देण्यात अर्थ राहत नाही.

रिकामा खणही अडत असेल तर टॉर्च घेऊन मागची जागा पाहावी. ओट्याखालच्या खणांमागे मला सांडलेला उलथना, वरच्या खणातून घसरलेली प्लास्टिकची पिशवी, सिंकच्या पाइपचा वळसा आणि एकदा मिक्सरच्या प्लगची पिन सापडली आहे. दर्शनी फळीच्या मागे, आवाज होऊ नये म्हणून चिकटवलेली पारदर्शक बटणेही येथेच तपासावीत. जाड बटण लावले असेल तर खण शेवटचे दोन-तीन मिलीमीटर आत जाऊच शकत नाही.

खण काढून पुन्हा बसवणे

खणाच्या तळाखाली पुढच्या दोन कोपऱ्यांत दोन क्लिपा असतात. त्या एकाच वेळी दाबल्या की खण उचलून बाहेर काढता येतो. खण काढल्यावर दोन्ही चॅनेल हाताने पूर्ण आत ढकलावीत, त्यांवर खण ठेवावा आणि दोन्ही बाजूंनी ‘टक’ असा आवाज येईपर्यंत तो मागे न्यावा. एकच आवाज आला तर एकच क्लिप लागली आहे. अशा अवस्थेत खण चालतो, बंदही होतो, पण दर वेळी थोडा तिरका होऊन येतो, आणि काही आठवड्यांत दुसऱ्या क्लिपेचा दाता झिजतो. म्हणून आवाज दोन आले की नाही हे कानाने मोजावे.

चार-पाच सेंटीमीटरवर अडण्याचा दोषही बहुधा याच पायरीवर सुटतो. चॅनेलच्या आत स्प्रिंगला जोडलेला एक लहान प्लास्टिकचा आकडा असतो. खण उघडताना तो स्प्रिंग ताणून एका खाचेत जाऊन थांबतो, आणि परत येणारे चॅनेल त्याला खाचेतून सोडवते. मग स्प्रिंग खण आत ओढते आणि तेलाचा दट्ट्या त्या ओढीचा वेग कमी करतो. कोणी खण झटक्याने ओढला किंवा खण काढलेला असताना आकड्याला बोट लागले, तर तो अवेळी सुटतो, आणि पुढच्या वेळी चॅनेल त्याला पकडण्याऐवजी त्याच्यावर आपटते. खण एकदा ठामपणे, पण न आदळता, शेवटपर्यंत ढकलला की आकडा बहुतेक वेळा पुन्हा जागेवर बसतो. हे दोन-तीनदा करूनही बसला नाही, तर जोर वाढवू नये.

शेजारच्या खणाशी अदलाबदल

एकाच मापाचे दोन खण असतील तर ही तपासणी फुकट आहे आणि तिच्याइतके उत्तर दुसरी कोणतीच देत नाही. बिघडलेला खण शेजारच्या चॅनेलवर बसवावा आणि शेजारचा येथे. बिघाड खणाबरोबर तिकडे गेला तर दोष खणात आहे. जागच्या जागी राहिला तर दोष चॅनेलमध्ये किंवा कपाटाच्या पेटीत, म्हणजे खणाभोवतीच्या सांगाड्यात, आहे. पुढच्या निम्म्या तपासण्या या एका उत्तराने वगळता येतात. हे न करता लोकांनी चांगली चॅनेल उपटून नवी आणलेली मी पाहिली आहेत. नव्या चॅनेलवरही खण तसाच अडतो, कारण खणाची रुंदी तीच राहिलेली असते.

साफसफाई, आणि तेलाबद्दल दोन शब्द

कपाट घरातच तयार झाले असेल तर चॅनेलमध्ये लाकडाचा भुसा, सनमाईका कापतानाचे तुकडे आणि वाळलेल्या फेव्हिकॉलचे थेंब असतातच. कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूम क्लीनर असल्यास त्याने चॅनेल पूर्ण लांबीत साफ करावे. फेव्हिकॉलचा थेंब नखाने किंवा लाकडी काडीने काढावा. पटाशी लावली तर पत्र्यावर ओरखडा येतो आणि चॅनेलमधल्या लोखंडी गोळ्या त्याच ओरखड्यावरून फिरू लागतात.

तेल घालू नये. घरोघरी खोबरेल तेलाची बाटली हाताशी असते आणि शिवणयंत्रापासून बिजागरीपर्यंत सगळीकडे ती चालते असा समज आहे. या चॅनेलमध्ये कारखान्यातच ग्रीस भरलेले असते. पातळ तेल किंवा गंज सोडवणारा फवारा ते ग्रीस धुऊन काढतो, त्यावर पिठाची आणि धुळीची पुटे बसतात, आणि महिन्याभरात खण पूर्वीपेक्षा जड चालतो.

प्रत्येक वेळी एकाच जागी अडत असल्यास

खण दर वेळी अगदी त्याच ठिकाणी, उदाहरणार्थ अर्ध्या वाटेवर, टेकत असेल तर चॅनेल पेटीला ज्या स्क्रूंनी धरले आहे त्यांची डोकी पाहावीत. चॅनेलच्या पत्र्यातील भोकात डोके पूर्ण बुडले नसेल, किंवा स्क्रू तिरका गेला असेल, तर सरकणारा भाग त्याला अडतो. असा स्क्रू काढून चपट्या डोक्याचा, सरळ बसवावा. लांबीही पाहावी. १८ मिलीमीटरच्या बाजूला १६ मिलीमीटरचा स्क्रू पुरतो. २५ चा लावला तर तो पलीकडच्या सनमाईकाला फोड आणतो. भोक सैल झाले असेल तर प्लायमध्ये काडेपेटीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठासाव्यात आणि रात्रभर वाळू द्याव्यात. पार्टिकल बोर्डमध्ये हा उपाय टिकत नाही. तेथे स्क्रूची जागा बदलावी लागते.

क्लिपांवरची चक्रे

बहुतेक चॅनेलच्या क्लिपांवर उंची कमीजास्त करण्याचे एक लहान चक्र असते, आणि थोड्या महाग प्रकारांत डावीउजवीकडे सरकवण्याचेही असते. उंचीचे चक्र खण साधारण तीन मिलीमीटर वर उचलते. बाजूचे चक्र दीडएक मिलीमीटर इकडे-तिकडे देते. येथे एक गोष्ट विसरली जाते: उंचीचे चक्र खण फक्त वर उचलते, मूळ बैठकीपेक्षा खाली उतरवत नाही. म्हणून दर्शनी फळी जोडताना चक्र सर्वांत खालच्या स्थितीत ठेवूनच जोडावी. फळीच खालच्या खणाला घासत असेल आणि चक्र संपले असेल, तर चॅनेलला हात न लावता फळीचे स्क्रू सैल करून फळी वर सरकवावी.

ही चक्रे दर्शनी फळ्यांच्या फटी जुळवण्यासाठी आहेत. रुंदीची चूक त्यांनी भरून काढण्याचा प्रयत्न केला, तर खण काही दिवस चालतो आणि मग क्लिप निसटते.

मापे: खरा दोष बहुधा येथेच असतो

येथून पुढे टेप, शक्य असल्यास व्हर्नियर, आणि कागद-पेन्सिल लागते. या भागात जरा रेंगाळण्याचे कारण असे, की माझ्या हाताखालून गेलेल्या बिघाडांपैकी बहुसंख्य येथे सापडले आहेत.

आपल्याकडचा सुतार सुतात मोजतो. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिलीमीटरचे. बाजूला बसणाऱ्या टेलिस्कोपिक चॅनेलसाठी हे माप उत्तम होते, कारण त्या चॅनेलची जाडी अर्धा इंच, म्हणजे बरोबर चार सूत असते. पेटीच्या आतल्या रुंदीतून एक इंच वजा केला की खणाची बाहेरची रुंदी मिळते, आणि अर्ध्या सुताची चूक ते चॅनेल पोटात घालते. हाताला बसलेली ही सवय अंडरमाउंटच्या वेळी दोन प्रकारे घात करते.

पहिला घात असा, की अंडरमाउंटमध्ये खणाच्या बाहेरच्या रुंदीऐवजी आतली रुंदी ठरलेली असते. ब्लम कंपनीच्या टँडमसारख्या, जास्तीत जास्त १६ मिलीमीटर जाडीच्या बाजू चालणाऱ्या चॅनेलचा हिशेब असा: पेटीची आतली रुंदी वजा ४२ मिलीमीटर बरोबर खणाची आतली रुंदी. सहाशेच्या पेटीला १८ मिलीमीटरच्या दोन बाजू असतील तर आत ५६४ उरतात आणि खण आतून ५२२ लागतो. खणाच्या बाजू १६ च्या असल्या तर तो बाहेरून ५५४ होईल, १२ च्या असल्या तर ५४६. आतले ५२२ मात्र हलत नाहीत, कारण चॅनेल खणाच्या तळाखाली, दोन बाजूंच्या आतल्या अंगाला टेकून बसते. आता याच ५६४ च्या पेटीत सवयीने एक इंच वजा करून, १२ मिलीमीटरच्या बाजूंचा खण केला तर तो बाहेरून ५३८.६ आणि आतून ५१४.६ भरतो. म्हणजे साडेसात मिलीमीटर अरुंद. असा खण चॅनेलवर तळाने टेकतच नाही. त्याच्या बाजूंच्या खालच्या कडा चॅनेलवर चढून बसतात आणि क्लिपा लागण्याचा प्रश्नच उरत नाही.

यावर नवा खण करण्याची गरज नसते. दोन्ही चॅनेलमागे ४ मिलीमीटर प्लायची पूर्ण लांबीची पट्टी लावली की पेटी आतून ५५६ ची होते, तिला ५१४ चा खण लागतो, आणि आपला ५१४.६ चा खण तिच्यात चालतो. पट्टी दोन्ही बाजूंना सारखीच लावावी. सगळी एकाच बाजूला लावली तर खण दर्शनी फळीच्या मध्यापासून सरकतो.

दुसरा घात सूक्ष्म आहे. ५६४ मिलीमीटर म्हणजे बावीस इंच आणि साधारण दीड सुताहून थोडे जास्त. टेपवर एक जण बावीस इंच दीड सूत वाचतो, दुसरा दोन सूत. पहिल्याचे ५६३.६ होतात, दुसऱ्याचे ५६५.२. हे अर्ध्या सुताचे अंतर, दीड मिलीमीटरहून थोडे जास्त, खण सैल किंवा घट्ट करायला पुरेसे आहे. त्यात पेटीच्या आतून लावलेल्या ०.८ मिलीमीटरच्या सनमाईकाचे दोन थर हिशेबात धरलेले नसतात. त्यांचे मिळून पुन्हा १.६, म्हणजे तेच अर्धे सूत. १८ चा म्हणून आणलेला प्लाय व्हर्नियरवर १८ भरेलच असेही नाही. म्हणून रेखाचित्रातल्या मापांवरून खण कापू नये; पेटी पूर्ण झाल्यावर, सनमाईका लागल्यावर, आतली रुंदी पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन ठिकाणी मिलीमीटरमध्ये मोजावी आणि सर्वांत लहान आकडा धरावा. मी खणाची आतली रुंदी हिशेबाच्या मापापासून एक मिलीमीटरच्या आत ठेवतो.

खण आतून एक-दोन मिलीमीटर जास्त रुंद निघाला, तर तो बाजूंना खेळतो, एका बाजूने आधी बंद होतो आणि फळीच्या फटी रोज वेगळ्या दिसतात. अशा वेळी तळाखाली उतरलेल्या बाजूच्या कडेला, आतल्या अंगाने, सनमाईकाची एक अरुंद पट्टी पूर्ण लांबीत चिकटवावी. हा उपाय दिसत नाही, जवळपास फुकट आहे आणि मी तो कितीदा केला याची मोजदाद नाही.

बाजूंची जाडीही मोजावी. १६ मिलीमीटरपर्यंतच्या चॅनेलवर १८ च्या प्लायचा खण बसवला, तर बाजू चॅनेलच्या पत्र्याला घासते. त्या जाडीसाठी वेगळे चॅनेल मिळते. टँडममध्ये १९ मिलीमीटरपर्यंतच्या बाजूंच्या प्रकाराला ४२ ऐवजी ४९ वजा करावे लागतात. चॅनेल आधी विकत घ्यावे, त्याबरोबरचे माप-पत्रक वाचावे आणि मगच प्लायला करवत लावावी, असा क्रम यासाठीच ठेवायचा असतो.

तळ, पाठ आणि मागची भोके

अदलाबदलीत बिघाड खणाबरोबर गेला आणि रुंदी बरोबर निघाली, तर खण उलटा करून त्याचा तळ पाहावा. तळाची फळी बाजूंच्या खालच्या कडेपासून साधारण १३ मिलीमीटर वर असावी लागते, कारण चॅनेल त्या पोकळीत बसते. ही पोकळी १० ची झाली असेल तर बाजू नको इतक्या वर राहतात आणि क्लिपा चॅनेलच्या टोकाला नीट भिडत नाहीत. जास्त झाली असेल तर बाजूच्या कडा खाली पेटीतल्या पत्र्याला लागतात. जास्त झालेली कड रंध्याने उतरवता येते. कमी झालेल्या पोकळीला मात्र खण उघडून तळ पुन्हा बसवण्यावाचून उपाय नाही.

त्यानंतर पाठ. पाठीची फळी खालपर्यंत अखंड ठेवलेली असेल तर चॅनेलचे मागचे टोक तिच्यावर आपटते, आणि खण शेवटचा सेंटीमीटर आत जात नाही. हौशी कामात हे कारण मला सर्वाधिक वेळा दिसले आहे, कारण साध्या चॅनेलच्या खणाला अशी खाच लागतच नाही. दोन्ही कोपऱ्यांत, बाजूच्या आतल्या अंगापासून किमान ३५ मिलीमीटर रुंद आणि तळापर्यंत, म्हणजे १३ मिलीमीटर उंच, खाच हवी. बारीक दात्यांच्या करवतीने दोन काप आणि पटाशीने एक घाव, एवढेच काम आहे. खाचेच्या उघड्या कडांना लगेच पॉलिश किंवा फेव्हिकॉलचा हात द्यावा, म्हणजे ओल शिरणार नाही.

खाचेच्या वर प्रत्येक बाजूला ६ मिलीमीटर व्यासाचे, १० मिलीमीटर खोल भोक असावे लागते. टँडम पद्धतीत ते बाजूच्या आतल्या अंगापासून ७ आणि तळाच्या खालच्या पृष्ठभागापासून ११ मिलीमीटरवर येते. चॅनेलच्या मागचे आकडे या भोकांत शिरतात आणि खण पूर्ण बाहेर असताना त्याला मागून उचलू देत नाहीत. भोकेच पाडली नसतील तर वर सांगितलेले दुसरे लक्षण दिसते; लहान मूल पुढच्या कडेला लोंबकळले तर भरलेला खण त्याच्या अंगावर येऊ शकतो. चॅनेलच्या कंपनीचा छिद्र पाडण्याचा साचा मिळत असेल तर तो वापरावा.

खणाची लांबीही याच वेळी मोजावी. युरोपीय पद्धतीच्या पत्रकांत ४५० च्या चॅनेलला ४४० मिलीमीटर लांबीचा खण दिलेला असतो. खण लांब झाला तर मागचे आकडे टेकूनही पुढच्या क्लिपा पोहोचत नाहीत. आखूड झाला तर पुढे अडतो आणि आकडे भोकांत पुरते शिरत नाहीत.

कपाटाची पेटी आणि कडप्पा

बिघाड जागच्या जागी राहिला असेल तर शेवटची तपासणी पेटीची. आधी दोन्ही चॅनेलची पुढची टोके पेटीच्या कडेपासून किती आत आहेत ते मोजावे. दर्शनी फळी पेटीवर चढत असेल तर हे अंतर साधारण ३ मिलीमीटर असते. फळी पेटीच्या आत बसत असेल तर फळीची जाडी अधिक ३. सनमाईका दोन्हीकडून लावलेली फळी १८ ची राहत नाही, वीसच्या आसपास जाते, म्हणून हे अंतर २३ च्या घरात येते. १८ धरून २१ वर बसवलेल्या चॅनेलचा खण दोन मिलीमीटर बाहेर डोकावतो. दोन बाजूंच्या अंतरात दोन मिलीमीटरचा फरक असला तरी सॉफ्ट क्लोजचा एक आकडा आधी पकडतो आणि खण तिरका येतो. मोजण्यासाठी टेपऐवजी नेमक्या लांबीची एक लाकडी पट्टी कापून दोन्हीकडे तीच लावावी, म्हणजे वाचनाची चूक राहत नाही.

मग पेटीचे दोन कर्ण मोजावेत आणि कोपऱ्यांना गुण्या लावावा. कर्ण सारखे नसतील तर पेटी भिंतीला ओढून बसवताना मुरगळली आहे का ते पाहावे. भिंत सरळ नसते. मागे पाचर न देता स्क्रू आवळला की पेटीच भिंतीसारखी वाकते. स्क्रू सैल करून खण चालवून पाहिला आणि तो मोकळा झाला, तर तेथे पॅकिंग देऊन पुन्हा आवळणे एवढेच काम राहते.

आपल्या स्वयंपाकघरांत एक खास अडचण असते. ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या फळ्या असतात आणि त्यांच्यामध्ये ट्रॉली बसवण्याची रीत जुनी आहे. त्या दोन कडप्प्यांमधले अंतर पुढे आणि मागे सारखे असल्याचे मी अजून पाहिलेले नाही. साध्या ट्रॉलीला हे चालते. अंडरमाउंट चॅनेलला चालत नाही. कडप्प्याला लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवर चॅनेल बसवू नये. त्या जागेत मावेल अशी प्लायची स्वतंत्र, काटकोनातली पेटी करावी, ती पॅकिंगने सरळ बसवावी आणि चॅनेल त्या पेटीला लावावीत. आतली दोनेक इंच जागा जाते. ती जाऊ द्यावी.

पावसाळ्यात जड होणारे खण

कोकणात आणि मुंबईच्या किनाऱ्यालगत ही तक्रार दर आषाढात येते. लाकूड तंतूंच्या दिशेने जवळपास वाढत नाही, आडवे वाढते. म्हणून सागाच्या भरीव फळीचा खण पावसाळ्यात रुंद होत नाही, उंच होतो, आणि त्याच्या बाजूंच्या खालच्या कडा पत्र्याला घासू लागतात. प्लायचा खण फार बदलत नाही. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड मात्र उघड्या कडांतून पाणी ओढून जाडीला फुगतात आणि उन्हाळ्यात पुरते उतरत नाहीत. भर पावसात रंधा मारू नये. आषाढात तासलेला खण माघात खुळखुळतो. कार्तिकापर्यंत थांबावे, तेव्हाही घासत असेल तेवढेच उतरवावे, आणि सर्व उघड्या कडांना पॉलिश द्यावे.

चॅनेल बदलायचेच असेल तर

वरचे सर्व बरोबर असूनही खण धाडकन बंद होत असेल, तर दट्ट्याचे तेल गेले आहे असे समजावे. तो उघडून दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. डावे-उजवे चॅनेल जोडीने बदलावे. एक जुने आणि एक नवे लावले तर दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने बंद होतात. नवी जोडी त्याच कंपनीची, त्याच लांबीची आणि बाजूंच्या त्याच जाडीसाठी घ्यावी, म्हणजे खणाची खाच, भोके आणि क्लिपा बदलाव्या लागत नाहीत. धान्याच्या किंवा भांड्यांच्या खणासाठी ३० किलोऐवजी ५० किलोच्या वर्गातली जोडी घेणे शहाणपणाचे. ढकलून उघडणारा प्रकार हँडल नसलेल्या खणाला शोभतो, पण त्याला फळीमागे दाबायला फट ठेवावी लागते, आणि गडबडीच्या स्वयंपाकघरात कंबरेचा धक्का लागून तो उघडत राहतो. मी तो स्वयंपाकघरात बसवत नाही.

कोठे थांबावे

चॅनेलमधून लोखंडी गोळ्या खाली पडल्या असतील तर तो खण वापरणे त्याच दिवशी बंद करावे. गोळ्या पुन्हा भरण्याचा प्रयत्न करू नये.

पेटीमागून गॅसची नळी, पाण्याची लाइन किंवा विजेची वायर गेली असेल आणि ती नेमकी कोठून गेली हे ठाऊक नसेल, तर मागच्या बाजूला ड्रिल लावू नये. आधी प्लंबरला किंवा वायरमनला बोलवावे. कडप्पा किंवा ग्रॅनाइट तडकलेले दिसले, तर त्यावर हातोडा न चालवता ओट्याचे काम करणाऱ्या कारागिराला दाखवावे, कारण त्या उभ्या फळीवर वरचा सगळा भार असतो. पेटीची बाजू ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, मातीच्या रेघा दिसत असतील, तर ती वाळवी आहे आणि चॅनेलचा विचार तिचा बंदोबस्त झाल्यावर करावा. पेटीचे कर्ण पाच मिलीमीटरहून अधिक फरकाचे असतील आणि भिंतीचे स्क्रू सैल करूनही फरक जात नसेल, तर पेटी उघडून पुन्हा सांधावी लागते. ते काम अनुभवी मिस्त्रीकडे द्यावे, आणि देताना मापे त्याला मिलीमीटरमध्ये लिहून द्यावीत.